२५६ चौकोन

(दृश्य : काळ्या पडद्यावर रिकामी जाळी. स्टायलसचे, म्हणजे पडद्यावर चित्र काढण्याच्या लेखणीचे टोक हळूहळू खाली येते.)

या जाळीत आडवे सोळा आणि उभे सोळा, म्हणजे एकूण २५६ चौकोन आहेत. एवढ्याशा जागेत व्हिडिओ गेममधली, हातात कंदील घेतलेली एक मुलगी बसवण्याचा प्रयत्न ही चित्रकार सकाळपासून करते आहे आणि आतापर्यंत तिने तीन वेळा सगळे पुसून पुन्हा सुरुवात केली आहे. डोक्यासाठी सात ओळी खर्च केल्या, तर पायांना जागा उरत नाही. पाय लांब केले, तर चेहरा इतका लहान होतो की ही मुलगी आहे की कुंपणाचा खांब आहे, हे कळेनासे होते. डोळ्यासाठी एकच चौकोन आहे. तो आत्ता जिथे आहे, तिथे मुलगी समोर पाहते. तोच एक घर खाली सरकवला, की ती विचारात पडल्यासारखी दिसते.

आता शेजारच्या पडद्याकडे पाहा. हा ४के पडदा आहे आणि त्यात ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल, म्हणजे असेच पण अगदी बारीक चौकोन आहेत. त्यावरच्या पात्राच्या कोटाची वीण मोजता येते आणि पापणीवर अडकलेला पावसाचा थेंबही वेगळा दिसतो. खेळांच्या नव्या यंत्रांची जाहिरात बहुतेक वेळा याच रेखीवपणाच्या बळावर होते. खेळणाऱ्याचा आनंद त्याने खरोखर किती वाढतो, हे पाहण्यासाठी आम्ही वेगवेगळ्या काळातले पडदे एकाच खोलीत मांडले आणि कॅमेरा त्यांच्या अगदी जवळ नेला.

(दृश्य : 'डाँकी काँग'मधील छोटी आकृती पडदाभर मोठी होते.)

१९८१ मध्ये आलेल्या 'डाँकी काँग' या खेळातला हा सुतार पुढे मारिओ या नावाने जगभर ओळखला गेला. खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांना तो मोजक्याच ठिपक्यांत उभा करायचा होता. तेवढ्या जागेत ओठ उमटेनात, म्हणून नाकाखाली मिशी आली. केस नीट दिसेनात आणि उडी मारताना ते उडलेले दाखवणे तर त्याहून अवघड, म्हणून डोक्यावर टोपी आली. धावताना हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून अंगात वेगळ्या रंगाचे, खांद्यावर पट्टे असलेले ओव्हरऑल आले. जे आज त्याचे व्यक्तिमत्त्व मानले जाते, त्यातली जवळपास प्रत्येक खूण चित्र काढण्याच्या अडचणीतून निघालेली आहे. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सुमारे ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच असून फक्त रंग बदललेला आहे. पडद्यावर आम्ही ते एकाशेजारी एक ठेवले आहेत.

(दृश्य : जुन्या सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीच्या टीव्हीची काच, भिंगातून.)

इतक्या जवळून पाहिले, की चित्र विरून जाते आणि उरतात ते लाल, हिरवे, निळे उजळलेले कण. त्या काळातल्या चित्रकारांना हा पडदा पक्का ठाऊक होता आणि ते त्याच्या पुसटपणाचा रंगासारखा वापर करत. १९९१ च्या 'सॉनिक द हेजहॉग'मधला धबधबा पाहा. तो खेळ ज्या यंत्रावर चाले, त्याला पारदर्शक पाणी दाखवणे जमत नव्हते, म्हणून चित्रकारांनी एकाआड एक उभ्या रेघा काढल्या आणि मधल्या फटी मोकळ्या सोडल्या. साध्या व्हिडिओ केबलमधून टीव्हीपर्यंत पोहोचताना त्या रेघा एकमेकींत मिसळत आणि मागची हिरवळ पाण्यातून दिसते आहे, असा भास होई. तोच धबधबा आम्ही नव्या, काटेकोर पडद्यावर लावला. प्रत्येक रेघ सुटी आणि स्वच्छ दिसते, आणि पाणी मात्र कुठेच दिसत नाही.

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये असेच काहीसे वेगाच्या बाबतीत घडले. पडद्यावरचे ५५ शत्रू एकाच वेळी हलवणे त्या यंत्राला झेपत नव्हते, म्हणून सुरुवातीला ते संथ सरकत. खेळाडू जसजसा एकेक शत्रू टिपत जाई, तसतसा यंत्रावरचा भार कमी होई आणि उरलेले शत्रू वेगाने चालून येत. हा खेळ एकट्याने घडवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी ते मुद्दाम तसेच राहू दिले. या खेळाडूचे खांदे पहिल्या रांगेच्या वेळी कसे होते आणि शेवटचा एकच शत्रू उरला असताना कसे आहेत, ते पाहा.

'टेट्रिस'ची गोष्ट तर याहून साधी आहे. अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तो ज्या संगणकावर लिहिला, त्यावर चित्र काढण्याची सोयच नव्हती, त्यामुळे खाली पडणारे तुकडे कंसांच्या चिन्हांनी बनवलेले होते. पाच वर्षांनी तो गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला, तेव्हा त्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ पिक्सेल होते आणि एकाच रंगाच्या चार छटा होत्या. खेळात तेवढ्याने काहीही उणे राहिले नाही, कारण तुकडा कोणता आहे आणि तो कुठे बसेल, हे एका नजरेत कळणे एवढीच त्या खेळाची चित्राकडून अपेक्षा होती.

रेखीव चित्राचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही. दूरच्या टेकडीवर काहीतरी हलले, ते झुडूप होते की नेम धरून बसलेला प्रतिस्पर्धी, हे ठरवायचे असेल, तर पिक्सेल जितके जास्त, तितके बरे. विमान उडवण्याच्या खेळात खाली नदी ओळखून दिशा पकडायची असते, तिथेही तपशील हाच खेळ असतो. अभिनेत्याच्या चेहऱ्यावरून टिपलेले भाव पात्रात उतरवायचे असतील, तर ओठांच्या कडेची थरथर दिसलीच पाहिजे. मात्र तपशील वाढला, की वाचनीयता आपोआप वाढते, असे नाही. २००६ च्या 'डेड रायझिंग'मधली अक्षरे एचडी टीव्ही गृहीत धरून इतकी बारीक ठेवली होती, की जुन्या टीव्हीवर खेळणाऱ्यांना सूचनाच वाचता येईनात. त्याच वर्षी आलेल्या निंटेंडो या कंपनीच्या 'वी' या कन्सोलला, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला, एचडी चित्र दाखवताच येत नव्हते, तरीही त्याच्या १० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि एचडी देणारे त्याचे दोन्ही प्रतिस्पर्धी मागे राहिले. विक्री हे आनंदाचे माप नव्हे, हे मान्यच आहे. पण हात हलवला, की पडद्यावरची रॅकेट हलते, या एका गोष्टीसाठी लोकांनी पुसट चित्र आनंदाने चालवून घेतले.

(दृश्य : संथ गतीत अंगठा आणि त्यामागे पडदा.)

हे चित्रण आम्ही अतिवेगवान कॅमेऱ्याने केले आहे. अंगठा बटणावर येतो, बटण दबते, आणि पात्र उडी मारेपर्यंत मध्ये थोडा काळ जातो. सेकंदाला ६० चित्रे दाखवली जात असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. ३० दाखवली, तर ३३.३. डोळ्याला हा फरक सांगता येईलच असे नाही, हाताला मात्र तो लगेच जाणवतो. आजच्या कन्सोलवरचे कित्येक खेळ सुरुवातीलाच विचारतात, की चित्र अधिक रेखीव हवे की हालचाल अधिक सलग हवी. प्लेस्टेशन ५ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले, की अशी निवड करायची वेळ आली, तर सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू सलग हालचालीचा पर्याय घेतात. म्हणजे रेखीव चित्र हाताशी असतानाही ते बाजूला ठेवले जाते.

शेकडो कलाकारांचे वर्षानुवर्षांचे काम, १०० गिगाबाइटच्या पुढे गेलेले खेळ आणि एखादा मोठा प्रकल्प फसला, की जाणाऱ्या नोकऱ्या, हीदेखील या रेखीवपणाची किंमत आहे.

'माइनक्राफ्ट'च्या प्रती ३० कोटींच्या पुढे विकल्या गेल्या आहेत. त्यातली माती, दगड, लाकूड हे सगळे ठोकळ्यांचे बनलेले आहे आणि ठोकळ्याच्या एकेका बाजूवरचे मूळ चित्र आडवे सोळा आणि उभे सोळा चौकोनांचेच आहे.

(दृश्य : पुन्हा पहिली जाळी. आता तिच्यात मुलगी उभी आहे.)

संध्याकाळपर्यंत चित्रकाराने चालण्याची चार चित्रे पूर्ण केली आहेत. पाय एकमेकांना ओलांडतात, त्या चित्रात तिने सगळे शरीर एक घर वर उचलले आहे. ते उचलले नव्हते, तेव्हा मुलगी बर्फावरून घसरत असल्यासारखी दिसत होती. शेवटी कंदिलासाठी राखून ठेवलेला पिवळा रंग तिने एका चौकोनात भरला, थोडा वेळ पाहिला, आणि त्याच्या शेजारचा चौकोन किंचित फिकट केला.

आता ती स्टायलस खाली ठेवून कंट्रोलर उचलते. अंगठा उजवीकडे दाबला जातो आणि मुलगी चालू लागते. पिवळा चौकोन पावलागणिक एक घर वर जातो आणि एक घर खाली येतो. अंगठा थांबतो, मुलगीही थांबते. अंगठा डावीकडे वळतो आणि कंदील तिच्याबरोबर वळतो.