ओझं खालून उचलायचं

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेले काका-दादा, नमस्कार. वाचनालयाने मला विषय दिला तो प्रवासाची कापडी पिशवी घरी शिवण्याचा. मी बावीस वर्षं शिवणवर्ग घेते आहे. या वर्षांत पिशव्या शेकडो शिवून झाल्या, पण पिशवीबद्दल मला जे खरं कळलं ते माझ्या सासूबाईंच्या वारीमुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सासूबाई माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघाल्या तेव्हा मी त्यांना सोलापुरी चादरीची पिशवी शिवून दिली होती. कापड जाड, अस्तर मांजरपाटाचं, दोन पट्टे, वर चेन. दिंडीचं सामान ट्रकमधून जातं. सासवडच्या मुक्कामी सामान उतरवताना कुणीतरी ढिगाखालची पिशवी एका पट्ट्याला धरून ओढली आणि पट्टा मुळासकट हातात आला. पाऊस सुरू होता. आतली लुगडी चिखलात पडली. पंढरपूर अजून दोन आठवड्यांवर होतं. पुढची सगळी वाट मुक्कामाच्या जागी ती पिशवी त्यांनी लेकरासारखी काखेत धरून नेली. परत आल्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कापड चांगलं होतं गं. पण ओझं कुणी धरायचं, ते तू ठरवलं नव्हतंस."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी ती पिशवी उसवून पाहिली. चादरीचा एक धागाही तुटला नव्हता. पट्ट्याची टोकं मी वरच्या काठात दाबून त्यावर एक टीप मारली होती, आणि बारा किलोचं सामान त्या दोन बोटं रुंदीच्या शिलाईवर लटकत होतं.

मग मी जुन्या वस्तू बघायला लागले. पडशी घ्या. एकच लांब कापड, दोन्ही टोकांना दुमडून केलेले दोन खण, एक छातीवर आणि एक पाठीवर. खांद्यावर येतो तो भाग म्हणजे तेच कापड. जोडच नाही, मग तुटणार काय? वळकटीची दोरी सगळ्या अंथरुणाला वेढा घालते. होल्डॉलचे चामडी पट्टे गुंडाळीभोवती पूर्ण फिरतात. नीट शिवलेली शबनम पाहा: तिचा पट्टा दोन्ही बाजूंनी खाली उतरतो, तळाखालून जातो, आणि तोच पिशवीची रुंदी होतो. या सगळ्यांत ओझं खालून उचललेलं आहे. मी मात्र ते वरून टांगलं होतं.

तेव्हापासून माझ्या वर्गात पिशवीची सुरुवात नवारीने होते. हो, खाटेची सुती नवार. दीड इंच रुंद, घट्ट विणीची. दोन्ही पट्टे मिळून नवारीचा एकच अखंड वेढा करायचा. तो तळाखालून जातो, एका बाजूने वर येतो, तिथे हातात धरायची मूठ होते, परत तळाखालून दुसऱ्या बाजूला, तिथे दुसरी मूठ, आणि पुन्हा तळाशी येऊन मिळतो. दोन्ही टोकांचा जोड तळाच्या मध्यावर ठेवायचा, कारण तिथे जोडावर ताण सर्वांत कमी येतो आणि तो दिसतही नाही.

आता मापं. लिहून घ्या, कारण ही पिशवी लोडासारखी गोल आहे आणि गोलाचं माप सगळ्यांना चकवतं. लांबी 50 सेंटिमीटर, दोन्ही टोकांना 28 सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या. शाळेतलं बावीस सप्तमांश आठवा: 28 चा परीघ 88. पिशवीत साधारण 31 लिटर सामान मावतं, म्हणजे चार-पाच दिवसांचे कपडे आणि एक चादर. शिलाईला सगळीकडे दीड सेंटिमीटर सोडायचं, म्हणून चकती कापायची 31 ची.

आणि इथेच घोळ होतो. मुली कापलेल्या चकतीच्या कडेने टेप फिरवतात, तो 97 च्या पुढे जातो, आणि अंगाचं कापड त्या मापाने कापतात. मग शिवताना नऊ सेंटिमीटर कापड उरतं, त्याच्या चुण्या पडतात आणि मशीनला दोष दिला जातो. माप टिपेच्या रेषेवर घ्यायचं, कापाच्या कडेवर नाही. परीघ 88, त्यातले 2 चेनच्या दिसणाऱ्या भागाचे, राहिले 86. दोन्ही कडांचे दीड-दीड मिळवले की 89. लांबीला 50 आणि 3, म्हणजे 53. अंगाचं कापड, म्हणजे मधल्या नळीचं, 89 बाय 53. चेनच्या मध्यापासून दोन्हीकडे 8 सेंटिमीटर अलीकडे नवार कापडापासून सुटते आणि तिची मूठ होते, म्हणून एका फेऱ्याला 88 वजा 16, म्हणजे 72. दोन फेरे 144, दोन मुठींना 55 प्रमाणे 110, जोडाला 6. एकूण 260. दुकानात तीन मीटर मागा. विमानाने जाणार असाल तर व्यास कमी करा. इथल्या विमानांत सोबत नेण्याच्या बॅगेच्या आकाराला मर्यादा असते आणि वजन सहसा 7 किलो.

कापडाला मी अजूनही जुनी सोलापुरी चादरच घेते. जुनी चादर मधोमध विरलेली असते, जिथे अंग टेकतं तिथे. बाजूच्या कडा मात्र वर्षानुवर्षं तशाच दणकट राहतात. उजेडासमोर धरा, विरलेला भाग लगेच दिसतो. तो सोडून कापा. नवं कापड घेतलंत तर जीन किंवा जाड कॅनव्हास घ्या आणि रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कात्री लावा. आणि मांजरपाट तर आटतंच. ते न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आत ओढलं जातं आणि बाहेरचं कापड सुरकुततं.

पावसासाठी मोडक्या छत्र्या. फेकू नका हो, फार कामाचं कापड असतं ते. दोन छत्र्यांचे त्रिकोण उसवून उलटसुलट जोडले की आतलं सगळं अस्तर होतं. पण ते लावायची वेळ महत्त्वाची. आधी चादर आणि मांजरपाट एकमेकांवर ठेवून गोधडीसारखे धावदोरे घाला. मग त्या दोन्हीवर नवार बसवा. आणि सगळ्यात शेवटी आतून छत्रीचं कापड लावा, म्हणजे नवारीच्या टिपांची भोकं त्याला पडत नाहीत. अंगाचं कापड सपाट असतानाच हे सगळं करायचं. आतला खिसाही याच वेळी अस्तरावर शिवून टाका.

नवारीच्या दोन्ही कडांना टीप. मूठ जिथे सुटते तिथे चौकोन आणि चौकोनात फुली. सुई 18 नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा पावसात कुजतो. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाका म्हणजे पक्की शिलाई, हा समज मनातून काढून टाका. जाड कापडात फार बारीक टाके पडले की भोकांची ओळ होते आणि टपाल तिकिटांच्या कडेसारखं कापड तिथूनच फाटतं. घड्या जाड झाल्या तर बत्त्याने ठोकून चपट्या करा आणि तेवढी जागा चाक हाताने फिरवून पार करा. पायमशीनवर हे उत्तम जमतं, म्हणून जुनी मशीन विकायला काढू नका.

नवार बसली की चेन. मीटरवर मिळते ती, 8 नंबरची, समोरासमोर दोन रनर. साठ सेंटिमीटर घ्या, जादाची नंतर कापता येते. चेन लागली की कापडाची नळी तयार होते. चकत्या जोडण्याआधी चेन निम्मी उघडी ठेवा. बंद ठेवून दोन्ही चकत्या शिवल्या तर पिशवी उलटायला वाटच राहत नाही, आणि मग तीन तासांची शिलाई उसवावी लागते.

चकतीवर चार खुणा करा, नळीच्या कडेवरही चार, आणि खुणेला खूण टाचा. नळीच्या कडेला दर दोन सेंटिमीटरवर एक सेंटिमीटर खोल कातरे द्या. मगाशी ते नऊ सेंटिमीटर उरत होते ना? ही कड 88 ची आहे आणि तिला चकतीच्या 97 च्या कडेपर्यंत पसरायचं आहे. कातरे दिल्याशिवाय ती पसरणार नाही. चकतीला मात्र कात्री लावायची नाही. चादरीचे धागे सुटतात, म्हणून आतल्या कडा उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या पट्टीने बांधून घ्या.

माझ्या हातातली ही पिशवी सासूबाईंचीच आहे. उसवलेलं तेच कापड, पण नवार लावून पुन्हा शिवलेलं. पुढच्या वर्षी त्या हीच घेऊन गेल्या, आणि नंतर अंगात बळ होतं तोवर जात राहिल्या. सात वाऱ्या झाल्या. रनर दोनदा बदलले, छत्रीचं अस्तर एकदा. नवार पहिलीच आहे. पहिल्या रांगेपासून मागे फिरवा. वरून बघू नका, उलटी धरा आणि तळाचा जोड बोटाने चाचपून पाहा. तोवर मी मशीन पुढे घेते, ज्यांना फुलीची टीप मारून बघायची आहे त्यांनी इकडे या.