मिशिगन सिटी: दिव्याची बाई आणि सहलीच्या बोटी

धक्क्याच्या टोकाला दिसतंय ते 1904 सालचं दीपगृह. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, लेक मिशिगनच्या दक्षिण काठावर मिशिगन सिटी हे छोटं बंदर आहे. धक्क्यावरून उंचावर ही लोखंडी वाट गेलीय ना, ती शोभेची नाही. वादळात लाटा अख्ख्या धक्क्यावरून जातात.

ही वाट होण्याच्या कितीतरी आधी दिवा सांभाळायच्या त्या हॅरिएट कोलफॅक्स. 1861 मध्ये त्यांची नेमणूक झाली. भाऊबंदांपैकी स्कायलर कोलफॅक्स तेव्हा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत होते, पुढे उपराष्ट्राध्यक्षही झाले. तेव्हा वशिला असेलही, पण वशिल्यावर कोणी 43 वर्षं दिवा पेटता ठेवत नाही.

1871 मध्ये धक्क्याच्या टोकाला आणखी एक दिवा लागला. तोही हॅरिएटबाईंकडेच. इंधन म्हणजे डुकराच्या चरबीचं तेल, थंडीत थिजणारं. घरी चुलीवर तापवायचं, भांडं सावरत वाऱ्यातून टोकापर्यंत जायचं, आणि पोचेपर्यंत तेल पुन्हा घट्ट झालेलं असायचं. पुढे हा दिवा पलीकडच्या धक्क्यावर नेला. मग आधी होडी वल्हवणंही आलं. निवृत्त झाल्या तेव्हा बाईंचं वय होतं 80.

याच बंदरात उन्हाळ्यात शिकागोहून सहलीच्या बोटी यायच्या. दिवसभर मजा करायची नि संध्याकाळी परत. मोठं आकर्षण म्हणजे हूजियर स्लाइड, सुमारे 200 फूट उंच वाळूची टेकडी. ती आता शोधू नका. काचेच्या बरण्या करायला तिची वाळू वॅगनी भरभरून गेली आणि 1920 च्या सुमारास टेकडी संपली. पाहुणे जी बघायला येत, तीच गावाने विकून टाकली!

24 जुलै 1915. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कामगारांची वार्षिक सहल, मुक्काम मिशिगन सिटी. शिकागोच्या धक्क्यावर भल्या सकाळी ईस्टलँड बोटीत अडीच हजारांवर माणसं चढली, बायकापोरांसकट. बोट मुळातच कलायची. त्यात टायटॅनिकनंतर जीवरक्षक होड्या वाढवण्याचा कायदा आलेला; त्या होड्या आणि तराफे वरच्या डेकवर चढवले होते. जीव वाचवायला आणलेल्या ओझ्यानेच बोट वरून आणखी जड झाली.

दीपगृह होतं तलावातल्या वादळासाठी. ईस्टलँड तलावापर्यंत पोचलीच नाही. शिकागो नदीत, धक्क्याला दोरखंडांनी बांधलेली असतानाच ती कुशीवर पडली. पाणी जेमतेम 20 फूट खोल, काठ हाताच्या अंतरावर, आणि मृत्यू 844. काही घरांत मागे कोणीच उरलं नाही.

बोट मात्र वर काढली गेली. नौदलाने ती घेतली, विल्मेट असं नाव दिलं, तिच्यावर खलाशी शिकवले आणि 1947 मध्ये भंगारात काढली. नुकसानभरपाईचे खटले 1935 पर्यंत रेंगाळले. मालक सुटले. ठपका आला मुख्य इंजिनिअरवर. तो 1919 मध्येच वारला होता.