खिचडीवाल्या मावशींचा तास

(प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, म्हणजे डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांपुढे अमरावतीत दिलेले व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे.)

तुमच्यापैकी काही जणांची पहिली नेमणूक मेळघाटात होईल, आणि ऑर्डर हातात पडताच घरात सुतक पडल्यासारखं होईल. आमच्याकडेही झालं होतं. मी अचलपूरकडचा, म्हणजे मेळघाटच्या पायथ्याचा माणूस. तरी धारणी तालुका म्हटल्यावर आईने आधी मला नाही, माझ्या चादरी-सतरंज्यांना निरोप दिला.

पहिलीचा वर्ग होता, पोरं कोरकू आदिवासींची, घरी कोरकू बोलणारी. फळ्यावर मी वाक्य लिहिलं, ‘सीता, पाणी आण.’ मोठ्याने वाचलं आणि वर्ग फुटला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसताहेत. मी कान धरायला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशी चुलीजवळून म्हणाल्या, ‘सर, सीटा म्हणजे कुत्रा.’ मुलांच्या कानाला त आणि ट यांतला फरक तेवढा मोठा नव्हता. सर रोज कुत्र्याला पाणी आणायला सांगताहेत, आणि हसलं की शिक्षा करताहेत, एवढंच त्यांना कळत होतं.

यातली गंमत सांगून झाली. आता त्यातली लाज सांगतो. मी स्वतः घरात ‘मले पानी दे’ म्हणत वाढलो. शाळेत ‘पानी’ म्हटल्याबद्दल मी छड्या खाल्ल्या आहेत. तरी हातात खडू आल्यावर मी तेच केलं. आणि वऱ्हाडी तर मराठीच आहे हो! कोरकू मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली भाषा. तिच्या बहिणी झारखंड-ओडिशाकडे, संथाली आणि मुंडारी. पाण्याला कोरकूत ‘दा’ म्हणतात, वाघाला ‘कुला’. ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं, बस. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ही मातृभाषा सांगितली. मेळघाटात, आणि पलीकडे बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूरकडे.

तुमच्या वर्गात एखादा मुलगा ‘बाई आला’ म्हणेल. त्याला मठ्ठ म्हणू नका. त्याच्या भाषेत स्त्रीलिंग-पुल्लिंग असा भेदच नाही. सजीव आणि निर्जीव असा आहे. मराठीची तीन लिंगं त्याला शिकायची आहेत. ‘ती खुर्ची, तो टेबल, ते कपाट’ असं का, हे तुम्ही तरी सांगू शकाल का? उलट एका ठिकाणी तो आपल्या पुढे आहे. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक नाही, मराठीत आहे, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. कोरकूत त्याच्याही पुढे जाऊन चार शब्द आहेत: आपण दोघं, आम्ही दोघं, आपण सगळे, आम्ही सगळे. एवढं बारीक व्याकरण तोंडपाठ असलेलं पोर शाळेत येतं, आणि आपण हजेरीपटाच्या शेऱ्यात लिहितो, ‘भाषा कच्ची’.

आता तुम्ही म्हणाल, सर, आता तसं राहिलेलं नाही. शिक्षकांसाठी कोरकू-मराठी शब्दसंग्रह निघाले, चित्रांची पुस्तकं निघाली, प्रशिक्षणं झाली. झाली, आणि चांगलीच झाली. पण त्या सगळ्यांत एक शब्द वारंवार येतो: पूल. मुलाच्या भाषेचा पूल करून त्याला मराठीकडे न्यायचं. पूल ओलांडून झाला की त्याच्याकडे कोण वळून बघतं? दुसरीच्या दिवाळीपर्यंत कोरकूचं काम संपतं. ती वेळापत्रकात नाही, प्रगतिपत्रकात नाही. दहावीला आपल्या मंडळात पाली घेता येते, अर्धमागधी घेता येते, फ्रेंच आणि जर्मन घेता येते. कोरकू नाही. पालीशी माझं भांडण नाही. पण धारणीच्या बाजारात अर्धमागधीत कोणी मिरच्या विकत नाही.

कायदा काय म्हणतो? संविधानात १९५६ साली ३५० क हे कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी असाव्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात माध्यम मातृभाषा असावं असं आहे, पण त्याआधी ‘शक्य असेल तेथवर’ अशी शेपटी आहे. सरकारी भाषेत त्या शेपटीचा अर्थ तुम्हाला नोकरी लागल्यावर महिन्याभरात कळेल. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता असलेल्या भाषांच्या यादीत, २२ भाषा आहेत. संथाली आणि बोडो २००३ साली आल्या. भिली बोलणारे २०११ मध्ये एक कोटीच्या वर होते, ती नाही. गोंडी जवळपास तीस लाखांची, तीही नाही. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते, ती आहे. संख्येवर हे ठरत नाही, एवढं लक्षात घ्या.

आणि २०२५ चा उन्हाळा आठवा. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा निर्णय झाला तेव्हा महाराष्ट्र उठला. सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर परकी भाषा लादू नका, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, असं आपण सगळे म्हणालो, मीही म्हणालो. जूनच्या शेवटी ते शासन निर्णय मागे घेतले गेले. तेव्हा मला धारणीचा तो वर्ग दिसत होता. त्या पोराला पहिलीतली मराठी ही परकी भाषाच होती. इंग्रजी तिसरी. बाजारात आणि बसमध्ये कानावर पडणारी हिंदी चौथी. आपण जो युक्तिवाद मंत्रालयापुढे केला, तोच एखाद्या कोरकू बापाने माझ्यापुढे केला असता तर मी काय उत्तर दिलं असतं? त्याने केला नाही. म्हणून मी वाचलो.

तो का करत नाही, हे जरा बोलू. पालकसभेत मी एकदा विचारलं, शाळेत कोरकू शिकवावी का? एक आजी म्हणाल्या, ‘कोरकू तर घरी येतेच. शाळेत मराठी शिकवा, साहेबाशी बोलायला.’ यात अडाणीपणा मला तरी दिसला नाही. दवाखान्याचा कागद, रेशनचा अर्ज, बसची पाटी, जंगल खात्याची नोटीस, यातलं काहीच कोरकूत नाही. मग आईबाप तिचं शाळेत काय करतील? न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरींचंही असंच झालं होतं. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या गावांतल्या सरकारी शाळा इंग्रजीच्या झाल्या, मुलांनी मार खाल्ला, आणि तीच मुलं आईबाप झाल्यावर पोरांशी माओरी बोलेनाशी झाली. १९७२ साली तीस हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला: शाळेत आमची भाषा शिकवा. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटाला पहिलं ‘कोहांगा रेओ’ सुरू झालं. त्याचा अर्थ भाषेचं घरटं. दुधपित्या पोरांमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्या नेऊन बसवल्या आणि फक्त माओरीत बोलायला सांगितलं. १९८५ मध्ये तशीच प्राथमिक शाळा निघाली, १९८७ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला आणि १९८९ मध्ये त्या शाळा सरकारी शिक्षणव्यवस्थेत आल्या.

मात्र तिथली नक्कल इथे चालणार नाही. तिथे मुलांना भाषाच नव्याने द्यावी लागली. धारणीच्या पोराला कोरकू शिकवायची गरज नाही. त्याला कोरकूतून वाचायला शिकवायचं आहे. हे काम त्यामानाने सोपं आहे. लिपी देवनागरी चालते. ओडिशाने २००६-०७ मध्ये दहा आदिवासी भाषांतून शिकवायला सुरुवात केली आणि पुढे ती संख्या एकवीसवर नेली. आपल्याकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिला शिक्षण हक्क कायद्याखाली विनापरवाना ठरवण्यात आलं. ज्या कायद्यात मातृभाषेचं कलम आहे, त्याच कायद्याने!

माझं म्हणणं साधं आहे. भाषा शाळेत आली की नाही, हे पुस्तकावरून बघू नका. आस्थापनेच्या यादीत बघा. तिच्यासाठी पगाराचं पद आहे का? आदिवासी उमेदवार नेमला की झालं, असं नाही. नंदुरबारचा पावरा शिक्षक मेळघाटात कोरकूबाबत तुमच्याइतकाच नवखा असतो. जातीचा दाखला आपण तपासतो, भाषेचा नाही. माझ्या शाळेत कोरकू जाणणारी एकच मोठी व्यक्ती होती, त्या खिचडीवाल्या मावशी. रडणारं पोर त्यांच्याकडे, ‘हा काय म्हणतोय?’ म्हणून गुरुजी त्यांच्याकडे. आणि मानधन तांदूळ शिजवण्याचं.

शेवटी मी एक केलं. शनिवारचा एक तास त्यांना दिला. नियमात बसत नव्हतं, केंद्रप्रमुखांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मावशींनी मूला-मूलाईची, म्हणजे पहिल्या कोरकू जोडप्याची गोष्ट सांगितली. रावणाच्या विनंतीवरून महादेवाने कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला पाठवलं, त्या मातीची दोन माणसं केली. इंद्राचे घोडे आले आणि त्यांनी ती तुडवली. पुन्हा केली, पुन्हा तुडवली. तेव्हा महादेवाने आधी मातीचा कुत्रा केला, त्यात जीव ओतला. कुत्र्याने घोडे अडवले आणि मग माणसं टिकली. ‘सीटा’ शब्द आला तशी पोरं माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी वारुळाची माती आणली. प्रत्येकाने माणसं केली, आणि न सांगता आधी कुत्रा केला. त्याखाली नाव लिहिताना ‘स’ला वेलांटी पहिली की दुसरी, यावर जे भांडण झालं, तेवढं लेखन माझ्या ‘सीता’ने सहा महिन्यांत करवलं नव्हतं.

आपल्याकडे संस्कृती म्हटलं की २६ जानेवारीला गदली-सुसून हा कोरकू नाच नाचवायचा, पाहुण्यांनी मोबाइल काढायचे. नाच असू द्या. पण वर्षाचे उरलेले दिवस?

मेळघाट मिळेल असं वाटणाऱ्यांनी जरा थांबा. मावशींनी सांगितलेल्या गोष्टींच्या दोन वह्या मी आणल्या आहेत. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला सहापर्यंत असतो.