गुग्गुळ, वनस्पती तूप आणि बनारसचे ससे

श्रोतेहो, नमस्कार. तिन्हीसांजेला धुपाटण्यातील निखाऱ्यावर आपण जो गुग्गुळ टाकतो, त्याच गुग्गुळाविषयी आणि आपल्या हृदयाविषयी मी आज बोलणार आहे. तेलातुपाच्या अतिरेकाने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते आणि ते धमन्यांच्या भिंतींत साचू लागते, हे आपण जाणताच. त्यामुळे मी थेट सशांच्या गोष्टीकडे वळतो.

साठच्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती संशोधन करीत होत्या. सुश्रुतसंहितेत एक वर्णन येते: जो मनुष्य आधीचे अन्न पचण्यापूर्वीच पुन्हा जेवतो, व्यायाम करीत नाही आणि दिवसा झोपतो, त्याचा मेद वाढतो, शरीरातील स्रोतसे, म्हणजे वाहिन्या, अडतात, आणि त्यावरील औषधांत गुग्गुळ आहे. हे वर्णन आधुनिक वैद्यकातील धमन्यांच्या विकाराशी जुळते, असे सत्यवतींना वाटले. आपल्याकडे श्लोक तोंडपाठ म्हणणारे पुष्कळ आहेत. तो तपासण्यासाठी दोन वर्षे ससे पाळणारे विरळा. त्यांनी सशांना वनस्पती तूप खाऊ घातले. होय, आपल्या लाडवांत आणि खारी बिस्किटांत जाणारे तेच वनस्पती तूप! (डालड्याच्या पिवळ्या डब्यात पूर्वी घरोघरी तुळस लावीत, आणि त्या डब्याचा तोच उपयोग मला सर्वांत आरोग्यदायी वाटतो.) ससा पडला गवत खाणारा, अशा आहाराने त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल झपाट्याने चढले. मग गुग्गुळ दिल्यावर ते उतरले, धमन्यांचे रक्षण झाले आणि सशांचे वजनही घटले. १९६६ साली या संशोधनावरील त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या.

त्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा शुद्ध केलेला अर्क तयार केला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो औषध म्हणून भारतात विकला जाऊ लागला. येथील रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. मात्र २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी, नेहमीचा पाश्चात्त्य आहार घेणाऱ्या १०३ प्रौढांवर आठ आठवडे चाचणी केली, तेव्हा निराळेच दिसले. ज्यांना अर्क दिला, त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल चार ते पाच टक्क्यांनी वाढले. ज्यांना नुसती औषधविरहित गोळी दिली, त्यांचे पाच टक्क्यांनी घटले. अर्क घेणाऱ्या काहींच्या अंगावर पुरळही उठले. म्हणजे गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरले ते सशांमध्ये. पुन्हा सांगतो, सशांमध्ये. माणसांच्या बाबतीत उत्तर एकसारखे आलेले नाही. त्यामुळे एखाद्या बाटलीवर लाल हृदयाचे चित्र छापलेले दिसले, की मी आधी विचारतो, हा प्रयोग कोणावर झाला होता?

आणखी एक गोष्ट रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या श्रोत्यांसाठी. मुंबईतील डॉक्टरांनी १९९४ साली दाखवून दिले होते, की या अर्काबरोबर घेतल्यास डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल ही औषधे रक्तात कमी प्रमाणात पोचतात. पुन्हा सांगतो, कमी पोचतात. गोळी वेळेवर घेऊनही तिचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून डॉक्टर जेव्हा विचारतात की सध्या काय काय घेता, तेव्हा त्या यादीत गुग्गुळाचे नावही सांगावे.