सिस्टरला कोणी विचारलं?

(मुंबईत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागे उभे राहिलेले ब्रदर्स, पुढे या, इथे पंखा आहे.

वैद्यकीय नीतिशास्त्राची चार तत्त्वं तुम्हाला पाठ असणार. रुग्णाची स्वायत्तता, त्याचं भलं करणं, त्याला इजा न करणं आणि न्याय. परीक्षेत लिहायला सोपी आहेत, आणि त्यातल्या एकाशीही कोणाचं भांडण नाही. वॉर्डात मात्र ती एकमेकांच्या आड येतात. त्यातून वाट काढायचा अधिकार ज्याचा, तो राउंड आटोपून ओपीडीत गेलेला असतो. पेशंटजवळ उरता तुम्ही.

नेहमीचा प्रसंग घ्या. कॅन्सरची बाई आहे, सोलापूरकडची समजा. मुलगा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलाय. तो तुम्हाला पॅसेजमध्ये गाठतो. ‘सिस्टर, आईला काही बोलू नका हां. साधी गाठ आहे असंच सांगितलंय.’ डॉक्टरांचं बोलणंही त्याच्याशीच झालेलं. तुम्ही केमो लावायला जाता आणि बाई विचारते, ‘हे सलाइन सगळ्यांनाच लावतात का हो? पलीकडच्या ताईंचे केस गेले.’ तिला बरंच काही कळून चुकलंय. आता तुम्ही तरी खरं बोलता का, हे ती बघतेय.

कायदा इथे स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की संमती पेशंटचीच लागते. त्या प्रकरणात पेशंट भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. न्यायालयाने ती संमती मानली नाही. बाई सज्ञान होती, तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. सख्ख्या आईची सही चालली नाही, तर मुलाची कशी चालेल? तरीही ‘सिस्टर, नातेवाइकांची सही घेऊन ठेवा’ हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल.

म्हणून काय सलाइनच्या स्टँडपाशी उभं राहून ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ म्हणायचं? नाही. निदान सांगणं डॉक्टरांचं काम आहे. पण खोटं बोलणं कोणाचंच काम नाही. तिलाच विचारा, ‘तुम्हाला काय सांगितलंय? आणखी काय जाणून घ्यायचंय?’ ती जे बोलेल ते डॉक्टरांच्या कानावर घाला. मुलालाही सांगा की आई विचारतेय, तुमच्या तोंडून कळलं तर बरं. त्याच्यावर चिडू नका. कामाचे खाडे करून, उसनवारी करून तो इथे राहिलाय, आणि आईने हाय खाल्ली तर काय, या भीतीने त्याला झोप नाही.

आता परळचीच गोष्ट. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानभाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्यांचं भान हरपलं. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या. खाट रिकामी करण्यासाठी त्यांना बाहेर हलवायचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा नर्सेसनी तो हाणून पाडला. नर्सेसच्या पिढ्या बदलल्या, पण अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं थांबलं नाही. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम नाही, याची नोंद न्यायालयानेही घेतली. ज्यांनी दर दोन तासांनी पेशंटची कूस बदललीय, त्यांना कळेल ही काय चीज आहे.

पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की हे जगणं नव्हे, त्यांना शांतपणे जाऊ द्या. नर्सेस म्हणाल्या, आम्ही सांभाळतोय, सांभाळू. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. याचिका फेटाळली गेली, पण उपचार थांबवण्याची वाट काही अटींवर उघडली. आणि अरुणा यांच्या वतीने बोलायचा हक्क न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. पुढे कधी या कर्मचाऱ्यांचं मत बदललं, तर मुंबई उच्च न्यायालयात अर्ज त्यांनी करायचा होता.

आमच्या पिढीला त्या निकालाचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्या अभिमानात एक खोट आहे, आणि ती बोलून दाखवलेली आमच्या काही मैत्रिणींना आवडत नाही. अरुणा यांना काय हवं होतं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सेवेमुळे पेशंटची नस आपल्याला कळते, त्याच्यावर मालकी येत नाही. म्हणून आपलं म्हणणं साक्ष म्हणून घ्यावं, निवाडा म्हणून नव्हे.

आता तर ती साक्षही कोणी मागत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येतं. उपचार थांबवायचे का, हे दोन वैद्यकीय मंडळं बघतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ, दुसऱ्यात आणखी तीन डॉक्टर. नर्सला कुठेच जागा नाही. आठ-आठ तास जी खाटेपाशी असते, तिला एकदा विचारायला काय हरकत होती?

न्यायाचं तत्त्व मी पटकन उरकते, कारण ते तुमच्या हातात फारसं नाही. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, असं नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. नाइटला खाटा भरून जमिनीवर गाद्या पडतात तेव्हा ते आठवून बघा. आधी कोणाकडे धावायचं, हे तेव्हा तत्त्वावर ठरत नाही. त्याचं उत्तर प्रशासनाने द्यायचं आहे, तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका.

तुमच्या हातात आहेत त्या नर्सेस नोट्स. ती फाइल मंडळापुढे जाते, कोर्टातही जाते. आणि आपण त्यात काय लिहितो? ‘पेशंट शांत. झोप बरी. तक्रार नाही.’ ड्यूटी बदलताना हॅंडओव्हरची घाई असते, मान्य. पण ती बाई पहाटे चारला जागी होती आणि म्हणाली, ‘आता नळ्या नकोत, मला गावी न्या’, तर तिचेच शब्द लिहा. वेळ टाका, कोणत्या डॉक्टरांना कधी कळवलं ते लिहा, सही करा. रेसिडेंट डॉक्टर म्हणेल, ‘सिस्टर, हे कशाला लिहिलंत?’ पेशंट बोलली म्हणून, असं सांगा आणि पुढच्या खाटेकडे जा.