विवेकाचं सिंहासन

[दृश्य: जुन्या हस्तलिखिताची पानं]

माणसाच्या आत एक राज्य आहे आणि तिथली गादी विवेकाची, ही कल्पना प्लेटोइतकी जुनी. चौदाव्या शतकात विल्यम लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाऊमन’ या इंग्रजी काव्यात मात्र विवेक राजा नाही, सल्लागार आहे. राजा त्याला बोलावणं धाडतो, आपल्या आणि युवराजाच्या मधे बसवतो आणि विनवतो, माझ्यापाशीच राहा. पुढे १५९० साली इंग्रज कवी एडमंड स्पेन्सर आपल्या ‘द फेअरी क्वीन’ या काव्यात शरीराचाच किल्ला करतो. वर मनोऱ्यात तीन ज्ञानी बसलेले, आणि पाच इंद्रियांच्या पाच बुरुजांवर वासनांची फौज चालून आलेली.

[दृश्य: तटबंदीचं शहर, बंद वेस]

इंग्रज कवी जॉन डन आपल्याला या तटाच्या आत नेतो. त्याच्या एका सुनीतात कवीचं मन म्हणजे शत्रूनं बळकावलेलं शहर. खरा धनी देव. विवेक हा देवानं नेमलेला राजप्रतिनिधी. शहर राखायचं काम त्याचं, आणि तोच कैदेत. डन एवढ्यावर थांबत नाही. हा कारभारी दुबळा तरी निघाला, नाहीतर बेइमान तरी, असं तो म्हणतो. माझ्या मते सगळ्या कवितेची धार इथे आहे. हरलेल्या विवेकाची कीव करता येते. विवेकच फितूर झाला, तर दाद मागायची कुणाकडे? म्हणून डन थेट देवालाच हाक मारतो: धडका दे, मोड, जाळ, मला नव्यानं घडव. डन १६३१ मध्ये गेला. ही कविता छापून आली १६३३ साली.

[दृश्य: लंडन, व्हाइटहॉल]

मग ३० जानेवारी १६४९. इथे राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. कवी जॉन मिल्टननं त्या शिक्षेची बाजू लेखणीनं लढवली, नव्या सरकारची चाकरी केली. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि त्याला तुरुंग पाहावा लागला. दृष्टी तर आधीच गेली होती.

१६६७ साली त्याचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य आलं. निषिद्ध फळ खाल्ल्यावर ॲडम आणि ईव्ह या बायबलमधल्या पहिल्या स्त्री-पुरुषांच्या मनात बंड होतं. खालून उठलेली वासना सार्वभौम विवेकावर हुकूम गाजवू लागते. राजाच्या विरोधात उभं आयुष्य पणाला लावलेला माणूस हे लिहितोय! सार्वभौम हा शब्द इथे तो विवेकाला देतो.

शेवटच्या सर्गात देवदूत मायकेल ॲडमला पुढचा इतिहास सांगतो. जो स्वतःच्या आत हलक्या वासनांना विवेकावर राज्य करू देतो, त्याच्यावर बाहेरूनही जुलमी धनी लादले जातात. आणि लगेच बजावतो, म्हणून जुलमी माणसाला माफी नाही.