हॅनिबलच्या पगाराची चांदी

ही स्क्रीनवर दिसतेय ती होडी नीट बघा, जेमतेम 8 मीटरची, स्पेनच्या किनाऱ्याजवळ माझारोनला समुद्राच्या तळाशी सव्वीसशे वर्षं पडून होती. आत सोनंनाणं काही नाही हां, पावणेतीन टन मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड.

एवढं ओझं कशाला वाहायचं? तर चांदीसाठी. तिथल्या खनिजातून चांदी काढायची तर ती शिशाबरोबर वितळवायची, मग हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून भट्टीत भाता मारत बसायचं, शिशाचं मुर्दाडशिंग होऊन राखेत जिरतं आणि वाटीच्या मधोमध उरतो चांदीचा एवढुसा मणी. हे मुर्दाडशिंग परत आटवलं की पुन्हा शिसं तयार, पुढच्या चांदीसाठी.

फिनिशियन लोक, म्हणजे त्या काळचे दर्यावर्दी व्यापारी, याच चांदीपायी पार लेबनॉनहून इथवर यायचे. ग्रीक इतिहासकार डायोडोरस तर सांगतो की जहाजात जागा उरली नाही म्हणून नांगरांचं शिसं काढून तिथे चांदी बसवली, थोडी फेकाफेक असणार, पण चालतंय.

पुढे याच लोकांचं उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर मोठं झालं आणि रोमला भिडलं. इ.स.पू. 241 ला हरले, दंड बसला 3200 टॅलेंट, म्हणजे 80 टनांहून जास्त चांदी! भाडोत्री सैनिकांचे पगार थकले, त्यांनी बंड केलं, तेवढ्यात रोमने सार्डिनिया घशात घातलं आणि वर आणखी 1200 टॅलेंट मागितले. मग कार्थेजचा सेनापती हॅमिल्कर बार्का 237 मध्ये स्पेनला गेला. रोमचे दूत विचारायला आले, इथे काय चाललंय? तो म्हणे, तुमचंच देणं फेडायला पैसे जमवतोय. काय बोलणार यावर!

त्याच्या जावयाने तिथे कार्ताहेना वसवलं, आणि हॅमिल्करचा मुलगा कोण तर हत्ती घेऊन रोमवर चालून गेलेला हॅनिबल. सगळ्यांना त्याचे हत्ती आठवतात, पण पगार कुठून यायचा? रोमन लेखक प्लिनी लिहितो, बेबेलो नावाच्या एकट्या खाणीतून त्याला रोज 300 पौंड चांदी मिळायची, आपल्या हिशोबाने 100 किलोच्या आसपास.

म्हणूनच 209 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने थेट कार्ताहेनावर झडप घातली. नंतर ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंद केलीय, तिथल्या खाणींत 40,000 माणसं राबत होती आणि रोज 25,000 द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी) जात होते रोमच्या तिजोरीत.